शाळेतली रिसायकलिंग स्पर्धा: सगळ्यात जास्त कचरा आणणारा वर्ग खरंच जिंकला का?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो. "शनिवारी मुलांसोबत जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठे आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या पाठवाव्यात. सर्वात जास्त वजन आणणाऱ्या वर्गाला ढाल मिळेल."

शुक्रवारी रात्री घराघरात शोधाशोध सुरू होते. एका मुलाच्या घरी ऑनलाइन खरेदीची खोकी पडलेलीच असतात, शिवाय बाबांच्या ऑफिसातून दोन गठ्ठे रद्दी येते. शनिवारी तो गाडीतून वीस किलो माल उतरवतो. त्याच्याच वर्गातल्या एका मुलीच्या घरी पेपर कपाटाच्या फळीवर अंथरला जातो, पाण्याच्या बाटलीत तेल भरलं जातं आणि पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या जातात. ती आणते जेमतेम अर्धा किलो.

टाळ्या पहिल्याला. दुसरी मान खाली घालून उभी.

आता जरा विचार करा. या दोघांपैकी कचरा कमी करणारं घर कुणाचं? शाळेतल्या बहुतेक रिसायकलिंग स्पर्धांची अडचण नेमकी इथे आहे. हेतू चांगला असतो, मेहनतही खरी असते, फक्त मोजमाप चुकतं. ते का चुकतं, जगात इतरांनी यावर काय केलं आणि आपल्या शाळेत अशी स्पर्धा नीट कशी घेता येईल, हे समजून घेऊया.

मुळात शाळेत स्पर्धा कशासाठी?

साधं गणित आहे. पाचशे मुलांची शाळा म्हणजे जवळपास तेवढीच घरं. नगरपालिकेने रिक्षा फिरवून, भोंगा लावून जे होत नाही, ते घरातलं एक मूल करतं. "आई, हे ओल्यात नको टाकू, सुक्यात टाक," असं पोराने चार वेळा सांगितलं की पाचव्या वेळी आई स्वतःच टाकते.

आणि महाराष्ट्राला स्वच्छतेच्या स्पर्धा नव्या नाहीत. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत चुरस लागली. २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियानात शहरं आणि ग्रामपंचायती गुणांसाठी स्पर्धा करतात. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' या अभियानात तर राज्य पातळीवरचं पहिलं बक्षीस ५१ लाखांचं होतं.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. गाडगेबाबा अभियानात गावाने किती ट्रॉली कचरा गोळा केला यावर बक्षीस नव्हतं. तपासणी समिती गावात येऊन रस्ते, गटारं, पाणी, शौचालयं कशी आहेत ते बघायची. म्हणजे मोजलं जायचं ते गाव, कचऱ्याचा ढीग नाही. शाळेच्या स्पर्धेत आपण नेमकं उलटं करतो.

वजनावर बक्षीस दिलं की काय होतं?

पहिली गोष्ट, जड माल जिंकतो, त्रासदायक माल हरतो. एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली साधारण वीस-पंचवीस ग्रॅमची. म्हणजे एका किलोला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. चिप्सचं छोटं पाकीट तर काही ग्रॅमचंच, किलो भरायला काहीशे पाकिटं हवीत. रद्दीचं तसं नाही. महिनाभराचा पेपर उचलला की काटा हलतो. मग मुलं काय आणणार? रद्दीच. पण रद्दी तशीही वाया जात नव्हती. ती दर महिन्याला रद्दीवाल्याकडे जातच होती. गटारात अडकतात ती पाकिटं, आणि ती स्पर्धेत कुणीच आणत नाही.

दुसरी गोष्ट, कचरा 'तयार' केला जातो. बाटल्या कमी पडल्या म्हणून पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स आणला, पाणी पिंपात ओतलं आणि बाटल्या शाळेत पाठवल्या, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ओळखीच्या दुकानातून पुठ्ठा उचलणं हा तर सगळ्यात सोपा मार्ग.

तिसरी गोष्ट, कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. सोसायटीतली रद्दी आणि बाटल्या यांवर कचरावेचक ताई आणि भंगारवाले जगतात. चांगल्या भावाचा सगळा माल शाळेने एका दिवसात उचलला, तर त्यांच्या वाट्याला उरतो तो बिनभावाचा कचरा.

चौथी गोष्ट, माल शाळेतच पडून राहतो. फोटो निघतात, ढाल दिली जाते आणि गोण्या जिन्याखाली जातात. अर्धवट धुतलेल्या बाटल्यांना वास सुटतो, पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो, मग एक दिवस सगळं घंटागाडीत.

'टाकाऊतून टिकाऊ'चं काय?

हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका प्रकार. बाटलीचं पेनस्टँड, सीडीचं घड्याळ, काड्यांचं घर. मुलांच्या हाताला वळण लागतं, कल्पना सुचतात, त्यामुळे हस्तकला म्हणून हा उपक्रम उत्तमच आहे. पण त्याला रिसायकलिंग म्हणताना थोडं थांबायला हवं.

आइस्क्रीमच्या काड्या स्टेशनरीच्या दुकानातून पाकिटाने विकत आणल्या, तर त्या टाकाऊ कुठे राहिल्या? दुसरं म्हणजे स्वच्छ बाटली भंगारात गेली असती तर तिच्यापासून धागा किंवा दुसरी वस्तू झाली असती. तिच्यावर रंग, गोंद, चमकी आणि लोकर चिकटवली की ती कुठलाच कारखाना घेत नाही. प्रदर्शन संपलं की ती थेट कचऱ्यात. वस्तू खरोखर वर्षभर वापरली गेली तरच ते 'टिकाऊ'. म्हणून अशी स्पर्धा घ्यायचीच असेल तर निकाल तीन महिन्यांनी लावा. वस्तू अजून वापरात आहे का, एवढंच बघा.

अमेरिकेतल्या कॉलेजांनी हाच धडा घेतला

२००१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दोन विद्यापीठांत पैज लागली. ओहायो युनिव्हर्सिटी आणि मायामी युनिव्हर्सिटी यांच्यात जास्त रिसायकलिंग कोण करतं ते बघायचं ठरलं. त्यातून 'रिसायकलमेनिया' ही स्पर्धा उभी राहिली आणि पुढे अमेरिका-कॅनडातली शेकडो कॉलेजं तिच्यात उतरली.

फक्त माणशी वजन मोजलं तर जास्त खरेदी करणारं कॉलेज पुढे जाण्याचा धोका असतो. या स्पर्धेत पुढे इतर गटही आले. एकूण कचऱ्यापैकी किती हिस्सा रिसायकल झाला, हा एक गट. माणशी एकूण कचरा सगळ्यात कमी कुणाचा, हा दुसरा. नंतर स्पर्धेचं नावही बदललं आणि ती 'कॅम्पस रेस टू झीरो वेस्ट' झाली. नावातून 'रिसायकल' गेलं आणि 'शून्य कचरा' आलं. एवढ्यावरून दिशा कळते.

बक्षीस संपलं की सवय संपते का?

मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीसपत्र मिळेल. दुसऱ्याला काही न सांगता शेवटी अचानक बक्षीस दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही.

एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मुलं काय करतात ते पाहिलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं आता बाकीच्यांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड तशीच राहिली होती. म्हणजे आवडीचं काम 'बक्षिसासाठी' झालं की बक्षीस गेल्यावर आवडही पातळ होते.

याचा अर्थ बक्षीस देऊच नका असा नाही. ज्या कामाची मुलाला मुळात आवडच नाही, तिथे सुरुवातीला धक्का द्यायला बक्षीस चालतं. पण ते मोठं, महाग आणि एकट्याला नको. सगळ्या वर्गाला मिळून काहीतरी मिळावं. वर्गाच्या वाचनपेटीत नवी पुस्तकं, एक जास्तीचा खेळाचा तास किंवा शाळेच्या बागेत वर्गाच्या नावाचं झाड.

गुवाहाटीची शाळा: फी म्हणून प्लॅस्टिक

आसाममध्ये गुवाहाटीजवळ पामोही इथे 'अक्षर' नावाची शाळा आहे. परमिता शर्मा आणि माझिन मुख्तार यांनी ती २०१६ मध्ये सुरू केली. आसपासची कुटुंबं थंडीत ऊब मिळावी म्हणून प्लॅस्टिक जाळायची आणि तो विषारी धूर वर्गात यायचा. मग शाळेने फीऐवजी घरचं प्लॅस्टिक मागायला सुरुवात केली. प्रत्येक मुलाने आठवड्याला २५ नग आणायचे. आणि पालकांनी प्लॅस्टिक न जाळण्याचं वचन द्यायचं.

इथे दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे किलो नाही, नग मोजले. त्यामुळे हलक्या पाकिटालाही किंमत आली. दुसरी म्हणजे सगळ्यांना सारखाच आकडा होता, पहिला-दुसरा नंबर नव्हता. आणि खरं उद्दिष्ट धूर थांबवणं हे होतं.

आपल्या खेड्यातल्या शाळांना हे जास्त जवळचं आहे. जिथे घंटागाडी येत नाही, तिथे प्लॅस्टिक चुलीत नाहीतर उकिरड्यावर जळतं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने 'आमच्या गल्लीत प्लॅस्टिक जळत नाही' एवढी एकच स्पर्धा घेतली तरी मोठं काम होईल.

काय आणायचं, काय नाही?

स्पर्धेआधी मुलांना ही यादी नीट समजावून सांगा. फळ्यावर लिहा, जमलं तर प्रत्येकाचा एक नमुना टेबलावर मांडा.

* रद्दी, वह्या, पुठ्ठा: चालतो, फक्त कोरडा हवा. कागदाचा धागा साधारण पाच ते सात वेळा पुन्हा वापरता येतो, मग तो फार आखूड होतो. वडापावचा तेलकट कागद आणि दुकानातलं गुळगुळीत छापील बिल रद्दीत नको.
* पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या: चालतात. तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो. रिकाम्या करून, विसळून, चेपून आणा.
* शाम्पू, फिनेलचे जाड डबे: यांच्यावर बहुधा २ आकडा असतो. चालतात.
* दुधाच्या पिशव्या: धुऊन वाळवलेल्या चालतात. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा वेगळा झाला की कुणाच्याच हाती लागत नाही.
* पत्र्याचे आणि ॲल्युमिनियमचे डबे: चालतात. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याने बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.
* ज्यूसची पुठ्ठ्याची खोकी: यांत कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असतात. साधा रद्दीवाला ती घेत नाही, पण खास केंद्रं घेतात. जवळ केंद्र असेल तरच गोळा करा.
* चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं: वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने ती वेगळी करणं अवघड. भंगारात यांना भाव नाही. वेगळी बांधून महापालिकेच्या किंवा संस्थेच्या सुक्या कचरा केंद्रात द्यावी लागतात.
* अजिबात नको: फुटकी काच, सुया, औषधं, सॅनिटरी पॅड, डायपर, ट्यूबलाइट. सेल आणि जुने मोबाइल लहान मुलांकडून मागवू नका. ई-कचऱ्यासाठी वेगळा दिवस ठेवून मोठ्यांनीच तो नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा.

आणि एक नियम लाल खडूने लिहा. माल फक्त घरातला. रस्त्यावरून, नाल्यातून, कचराकुंडीतून एकही वस्तू उचलायची नाही.

स्पर्धा अशी आखता येईल

१. आधी कुणाला देणार ते ठरवा, मग तारीख जाहीर करा. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून आहे. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि तिचे सभासद शहरात घरोघरी कचरा गोळा करतात. पुण्यातच 'सागरमित्र' उपक्रमात मुलं घरचं स्वच्छ, कोरडं प्लॅस्टिक ठरावीक दिवशी शाळेत आणतात आणि ते पुढे रिसायकलिंगला जातं. तुमच्या गावात अशी संस्था नसेल तर रोजचा भंगारवाला आहेच. त्याला शाळेत बोलवा. कुठला माल घेतो, कुठला नाही, का नाही, हे त्यालाच मुलांना सांगू द्या. दोन तासांच्या भाषणापेक्षा मुलं त्यातून जास्त शिकतात.

२. पहिल्या आठवड्यात फक्त मोजा. प्रत्येक वर्गाची कचरापेटी दिवसाच्या शेवटी वजन करून वहीत नोंदवा. हा झाला सुरुवातीचा आकडा. पुढे वर्गाची तुलना दुसऱ्या वर्गाशी करण्याआधी त्याच्या स्वतःच्या या आकड्याशी करा.

३. गुणांची वाटणी बदला. नमुन्यादाखल १०० गुण असे देता येतील:

* वर्गातला कचरा किती कमी झाला: ४० गुण
* ओला, सुका आणि धोकादायक कचरा बरोबर वेगळा केला का: ३० गुण
* आणलेला माल स्वच्छ आणि कोरडा आहे का: २० गुण
* वर्गाने नोंदवही नीट ठेवली का: १० गुण

बघा, या यादीत 'किती किलो आणलं' याला एकही गुण नाही. सुरुवातीची ती अर्धा किलोवाली मुलगी आता वर्गाची हुकमाची राणी होते. कारण पिशवी धुऊन वाळवायची कशी, हे तिला सगळ्यांत आधी माहीत आहे.

४. एक दिवस नको, एक सत्र हवं. महिन्यातून एक ठरलेला दिवस ठेवा. एकदाच्या मोठ्या ढिगापेक्षा दर महिन्याची छोटी पिशवी बरी. सवय अशीच लागते. तपासणी मात्र न सांगता करा, म्हणजे त्या दिवसापुरता देखावा होणार नाही.

५. ओला कचरा विसरू नका. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्याचाच असतो. पोषण आहाराची उरलेली खिचडी, डब्यातली फळांची सालं आणि मैदानातला पालापाचोळा. दोन ड्रम आणि थोडी माती असली की शाळेच्या बागेला खत मिळतं. खिचडी मात्र थेट ड्रममध्ये ओतू नका, कोरड्या पाल्यात मिसळून टाका, नाहीतर वास सुटेल आणि उंदीर येतील.

६. पैशाचा हिशोब फळ्यावर लिहा. माल विकून आलेली रक्कम मोठी नसते. पण किती आली आणि कशावर खर्च केली हे मुलांसमोर मांडलं की विश्वास बसतो. पैसे कुठे वापरायचे हे मुलांनाच ठरवू द्या.

कायदा काय सांगतो?

मोठ्या वर्गातल्या मुलांना हेही माहीत हवं. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. पहिल्यांदा नियम मोडला तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार दंड ठेवला. त्यानंतर १ जुलै २०२२ पासून देशभरात स्ट्रॉ, प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, कानकाड्या अशा एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. त्यामुळे स्नेहसंमेलनाच्या जेवणात थर्माकोलच्या ताटल्या आणि त्याच स्टेजवर रिसायकलिंगची ढाल, असं चित्र शाळेत दिसता कामा नये. मुलं बोलत नाहीत, पण बघत असतात.

पालक म्हणून तुम्ही काय कराल?

स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलासाठी रद्दी गोळा करत फिरू नका. त्याच्याकडे जेवढं आहे तेवढंच घेऊन जाऊ द्या. घरात सुक्या कचऱ्याची एक पिशवी त्याच्या ताब्यात द्या आणि 'हे कशात टाकू?' असं त्यालाच विचारा. चुकलं तरी त्याने ठरवलेलं असू द्या.

आणि शाळेचा मेसेज पुन्हा ग्रुपवर आला की फक्त अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. दोन प्रश्न विचारा. गोळा केलेला माल पुढे कुणाकडे जाणार आहे? आणि ज्या घरात कचराच कमी होतो, त्या मुलाला किती गुण मिळणार आहेत?

या दोन प्रश्नांची उत्तरं शाळेकडे तयार असतील, तर ती स्पर्धा तुमच्या मुलाला नक्की काहीतरी शिकवून जाईल.